यादीतून गळलेली सनई

लग्न ठरले म्हणजे आपल्या बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून आधी पंचांग निघते आणि त्यामागून निमंत्रितांची यादी. २०२० साली महासाथीने या दोहोंवरही घाला घातला. ऐन गुढीपाडव्याला, २५ मार्च रोजी, देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि वैशाखातले मुहूर्त बुडाले. मे महिन्यात लग्नांना मुभा मिळाली, पण माणसे पन्नासांच्या आत हवीत या अटीवर. पुढल्या वर्षी एप्रिलमध्ये तर महाराष्ट्रात पंचवीस माणसे आणि दोन तास, एवढ्यात कार्य उरकावे असा हुकूम निघाला. ज्यांचे व्याही पुण्या-नाशिकचे, त्यांना मांडव घालण्याआधी गणितच मांडावे लागले.

हे गणित सोपे नव्हते. मामाला ठेवावे तर आत्या गळते. आत्याला बोलवावे तर तिच्या यजमानांना दारात कसे थांबवावे? वडीलधाऱ्यांना रोगाचे भय अधिक. म्हणजे ज्यांचा आशीर्वाद घ्यायचा त्यांनीच घरी बसायचे. त्या दिवसांत माझ्याकडे गाणे शिकणाऱ्या एका मुलीचे लग्न निघाले. तिच्या घरची यादी मी पाहिली. सीमांतपूजन गेले, पंगत गेली, वरात गेली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु एकाही नातलगाच्या नावावर काट मारण्याआधी सनई-चौघड्यावर काट बसली होती. यंत्रावर सनई लावू, म्हणजे झाले, असे ठरले होते. पुष्कळ घरांतून तेच घडले.

वास्तविक विवाहाला गर्दी लागत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे, जेथे सप्तपदीचा विधी असतो तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. मग बाकीचा थाट कशासाठी? चार माणसांनी पाहावे, ऐकावे, साक्षी राहावे यासाठी. आता पाहणारे पन्नासच असतील, तर ऐकणारे तरी का तोडावेत? सनई यादी पाहून वाजत नाही. ज्यांना बोलावता आले नाही त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत कार्याची वार्ता नेणारी तीच एक होती.

गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर हा रोग पसरतो, ही गोष्ट मी हलकी मानीत नाही. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात समूहगायनाची एक तालीम बंद दालनात झाली. एकसष्ट जण जमले होते; त्यांतले पन्नासांहून अधिक आजारी पडले, दोघे दगावले. तेव्हा बंद कार्यालयात दहा जणींनी खांद्याला खांदा लावून मंगलाष्टके म्हणू नयेत, हे रास्तच. पण सनईवाल्यांची जागा तेथे कधी नव्हतीच. माझे वडील राजवाड्याच्या पदरी गवई. गवई दिवाणखान्यात आणि सनई-चौघडा नगारखान्यात, दरवाजावर, मोकळ्या हवेत, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. घरच्या कार्यातही वाजंत्री मांडवाच्या तोंडाशी बसतात.

म्हणून अशा दिवसांत लग्नाचा बेत करणाऱ्यांनी कार्यालय सोडून अंगण किंवा गच्ची पाहावी. मंगलाष्टके एकानेच, अंतरावर उभे राहून म्हणावीत. शार्दूलविक्रीडिताच्या एकोणीस अक्षरांना एक तयार गळा पुरतो. सनईवाले फाटकाबाहेर बसवावेत. सरकारी आकड्यात त्यांची गणना होत असेल तर तितके पाहुणे कमी करावेत. पाहुण्याला पुढे केव्हाही जेवायला बोलावता येते. वाजंत्र्याचा लग्नसराईचा हंगाम एकदा गेला की वर्षभर चूल कशी पेटायची?

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पाहुणे परतले, पंगती परतल्या, वराती तर दुप्पट आवाजाने परतल्या. सनईवाला मात्र पुष्कळ दारी परतलेला मला दिसत नाही. अडचणीपुरते जे चालवून घेतले, ते आता सोयीचे म्हणून कायम झाले आहे. भटजींनी ‘सावधान’ म्हटले, अंतरपाट सरला, की वाजंत्री त्याच क्षणी उठाव घेतात. यंत्राला अंतरपाट दिसत नाही; कोणीतरी बटण दाबायला धावते, आणि तोवर अक्षता पडून गेलेल्या असतात.

साथ पुन्हा येवो न येवो, याद्या होतच राहणार. कुलदेवतेच्या नावाखाली पहिली ओळ वाजंत्र्यांची लिहावी आणि मग माणसे मोजायला बसावे, एवढेच माझे मागणे आहे.