शेतकरी कंपनीचे तंत्रज्ञान कोणाच्या ध्येयासाठी?

गेल्या काही काळात आपल्या वऱ्हाडात शेतीचे बहुतेक कागद मोबाईलमध्ये गेले. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला. जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘महाॲग्री-एआय धोरण २०२५-२०२९’ मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. मराठीतून सल्ला देणारे ‘महाविस्तार’ ॲप आले. कापूस हंगामाच्या तोंडावर भारतीय कापूस महामंडळाने, म्हणजे सीसीआयने, हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी आणि स्लॉट घेणे आवश्यक केले. ई-पीक पाहणी तर २०२१ पासून सुरूच आहे.

हे सगळे सुरू असताना अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या दारात विक्रेत्यांचीही रांग लागली आहे. कोणी सभासदांसाठी ॲप देतो, कोणी ड्रोन, कोणी मातीत रोवायचा सेन्सर, तर कोणी ‘एआय डॅशबोर्ड’. तुम्ही अशा कंपनीचे संचालक, मुख्य कार्यकारी अधिकारी, सभासद किंवा तिला मदत करणारे विस्तार कर्मचारी असाल, तर विकत घेण्याआधी एक प्रश्न विचारा. या वस्तूमुळे आपल्या कंपनीचे नेमके कोणते ध्येय पुढे सरकणार आहे?

प्रत्येक ॲपला त्याचा मालक असतो

शासनाच्या ॲपचे ध्येय शासनाचे असते. शेतकरी ओळख क्रमांकाचा हेतू लाभार्थी नेमका कोण हे ठरवण्याचा आहे. ई-पीक पाहणीचा हेतू कोणत्या गटात कोणते पीक उभे आहे याची नोंद घेण्याचा आहे. ‘कपास किसान’चा हेतू खरेदी केंद्रावरची गर्दी आणि दुसऱ्याच्या नावावरची विक्री आटोक्यात आणण्याचा आहे. यात वाईट काही नाही. पण यातील एकाही ॲपचे काम तुमच्या कंपनीचा नफा वाढवणे हे नाही.

खासगी ॲपचेही तसेच आहे. निविष्ठा विकणाऱ्या कंपनीचे ॲप निविष्ठा विकण्यासाठी असते. माल खरेदी करणाऱ्याचे ॲप त्याला स्वस्त आणि एकसारखा माल मिळावा म्हणून असते. तुमची शेतकरी कंपनी मात्र सभासदाच्या हाती चार रुपये जास्त पडावेत म्हणून स्थापन झाली आहे. तेव्हा तिच्या तंत्रज्ञानाचा आराखडा तिच्याच व्यवसाय आराखड्यातून निघायला हवा. दुसऱ्याचे ॲप जरूर वापरा, पण ते आपल्या कामाला जुंपा.

तंत्रज्ञान विभाग म्हणजे कोण?

मोठ्या उद्योगात तंत्रज्ञानाचा वेगळा विभाग असतो. आपल्याकडे मुख्य कार्यकारी अधिकारी, लेखापाल आणि संगणक सांभाळणारा गावातला एखादा पोरगा, एवढाच तो विभाग. म्हणून त्यांचा वेळ कशात जातो याला फार महत्त्व आहे.

केंद्राच्या १० हजार शेतकरी उत्पादक संस्थांच्या योजनेत (सुरुवात फेब्रुवारी २०२०) कंपनीला तीन वर्षांत कमाल १८ लाख रुपये व्यवस्थापन खर्चासाठी मिळतात. पगार, कार्यालय आणि संगणक त्यातूनच भागतात. सोबत सभासदामागे कमाल २ हजार आणि कंपनीमागे कमाल १५ लाख रुपये भाग-अनुदान आहे. सुरुवातीच्या वर्षांत नोंदणी झालेल्या कंपन्यांची ही तीन वर्षे एकेक करून संपत आहेत. त्यानंतर ॲपचे वार्षिक शुल्क आणि संगणकावर बसणाऱ्याचा पगार कंपनीच्या नफ्यातूनच निघाला पाहिजे. नाही निघाला तर पहिला फटका सभासदांच्या भागभांडवलाला बसतो, आणि कुलूप लागलेल्या कंपनीच्या नावाने गावात पुन्हा कोणी शेअर घेत नाही.

आधी हिशेब, मग ॲप

एक सोपे गणित करून पाहू. आकडे समजण्यासाठी धरले आहेत, तुम्ही आपल्या कंपनीचे टाका.

समजा, कंपनीचे ५०० सभासद आहेत आणि प्रत्येकी हजार रुपयांप्रमाणे ५ लाख भागभांडवल जमले आहे. विक्रेता ३ लाखांत ॲप बनवून देतो आणि वर्षाला ६० हजार देखभाल मागतो. सर्व खर्च वजा जाता कंपनीला सोयाबीनच्या एका क्विंटलमागे ४० रुपये सुटतात. मग ३ लाख वसूल व्हायला ७,५०० क्विंटल जास्तीचा माल यावा लागेल, आणि देखभालीपुरता दरवर्षी आणखी १,५०० क्विंटल. ॲप नसते तर जो माल आलाच असता, तो यात धरायचा नाही. केवळ ॲपमुळे एवढा जादा माल येईल का? याचे उत्तर संचालक मंडळाला छातीठोकपणे देता येत नसेल, तर व्हॉट्सॲप गट आणि नीट ठेवलेली टॅली एवढ्यावर काम चालवा.

आता हेच गणित आर्द्रता मापकाला लावा.

सोयाबीन: १२ टक्क्यांची रेघ

हमीभाव खरेदीत सोयाबीनची आर्द्रता १२ टक्क्यांपर्यंत चालते. २०२४ च्या हंगामात केंद्राने ती एकदाच १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती, त्यावर दरवर्षी विसंबता येत नाही. ऑक्टोबरच्या पावसात सापडलेले सोयाबीन १४ टक्क्यांवर असेल, तर १२ टक्क्यांपर्यंत वाळल्यावर १०० किलोचे साधारण ९७.७ किलो भरते. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने त्याचे सुमारे ५,२०७ रुपये होतात. म्हणजे ओल्या मालाला व्यापारी ५,२०७ रुपयांपेक्षा कमी देत असेल, तर त्या फरकातून वाळवणीची मजुरी आणि वाहतूक वजा करा. जे उरते ते वाळवून विकण्यातले तुमचे उत्पन्न.

कंपनीच्या संकलन केंद्रावर खात्रीचा आर्द्रता मापक असेल, तर हा निर्णय गाडी भरण्याआधी होतो. नाहीतर खरेदी केंद्रावरून माल परत येतो, तेव्हा जाण्यायेण्याचे भाडे आणि दोनदा हमाली अंगावर पडते. इथे ध्येय स्पष्ट आहे: कंपनीची एकही गाडी ओलाव्यामुळे परत येऊ नये. साधन त्या ध्येयाला जोडलेले आहे आणि यश मोजताही येते. हंगामात किती गाड्या गेल्या, किती परत आल्या, एवढेच वहीत लिहायचे.

कापूस: आठ नव्हे, बाराचा विचार

कापसात हिशेब थोडा वेगळा आहे. सीसीआय ८ टक्के आर्द्रतेला पूर्ण हमीभाव देते. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत दर टक्क्याला भावाच्या १ टक्का कपात होते. १२ च्या वर कापूस घेतला जात नाही. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये होता. त्या भावाने १२ टक्के ओलाव्याला क्विंटलमागे ३२४ रुपये ४० पैसे कापले जातात आणि हातात ७,७८५ रुपये ६० पैसे पडतात.

कपात पाहून जीव हळहळतो. पण तोच क्विंटल वाळवून ८ टक्क्यांवर आणला तर वजनही चार टक्क्यांच्या आसपास घटते, आणि पैसे जवळपास तेवढेच होतात. म्हणजे खरे नुकसान कपातीत नाही, ते १२ ची रेघ ओलांडण्यात आहे. तिथे कापूस नाकारला जातो आणि मिळेल त्या भावाने खासगीत द्यावा लागतो. म्हणून कंपनीने ‘सर्व कापूस ८ टक्क्यांवर’ असे ध्येय ठेवून मजुरी वाढवण्यापेक्षा ‘१२ च्या वर एकही गाडी नाही’ असे ध्येय ठेवावे. सकाळच्या दवातली वेचणी आणि मापकांमधला फरक लक्षात घेऊन १० ते ११ टक्क्यांवर गाडी भरावी. ओला कापूस घरात साठवू नये. तो तापतो, पिवळा पडतो आणि प्रत घसरते.

याच ठिकाणी ‘कपास किसान’ ॲप कंपनीच्या कामाला येते. अनेक कास्तकारांची अडचण कापसाची नसते, कागदाची असते. सातबाऱ्यावर पेरा नाही, आधारला जोडलेले खाते बंद आहे किंवा मोबाईल नंबर बदललेला आहे. कंपनीच्या संगणकावरच्या पोराने ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच प्रत्येक सभासदाची ई-पीक पाहणी, ओळख क्रमांक आणि बँक खाते तपासून यादी केली, तर ऐन हंगामातली धावपळ वाचते. यासाठी नवीन ॲप लागत नाही, एक तक्ता पुरतो. आणि ज्या सभासदाचा कापूस कंपनीमुळे हमीभावात गेला, तो पुढच्या वर्षी बियाणेही कंपनीतूनच नेण्याची शक्यता वाढते.

खारपाणपट्टा आणि संत्रा पट्टा: ध्येय वेगळे, साधन वेगळे

दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल खारे आहे. अशा ठिकाणी विहिरीवरच्या पंपाला स्वयंचलित यंत्रणा बसवून फारसे साधत नाही. तिथे पावसाचे पाणी शेततळ्यात धरणे, मूलस्थानी जलसंधारण आणि हरभऱ्याला संरक्षित पाणी हे खरे ध्येय. पोकरा प्रकल्पाने या पट्ट्यातील गावे वेगळी धरली ती याच कारणाने. इथल्या कंपनीने महसूल मंडळातील महावेधच्या स्वयंचलित हवामान केंद्राची पावसाची आकडेवारी रोज फलकावर लिहिली, तरी पेरणीच्या निर्णयाला मदत होते.

वरूड, मोर्शी, चांदूर बाजार या संत्रा पट्ट्यात मात्र मातीतील ओलावा मोजणाऱ्या साधनाला अर्थ आहे, कारण बहाराचा ताण आणि त्यानंतरचे पाणी यावर फळधारणा अवलंबून असते. एका गावात उपयोगी पडलेले यंत्र दुसऱ्या गावात कोपऱ्यात धूळ खाते, त्याचे कारण असे ध्येयातच असते.

एक पानाचा आराखडा

पुढच्या संचालक मंडळाच्या सभेत एक कागद घ्या आणि प्रत्येक ध्येयापुढे या पाच गोष्टी लिहा.

१. ध्येय: आकड्यात आणि मुदतीत. ‘डिजिटल होणे’ हे ध्येय नाही. ‘मार्चअखेर तुरीचे चुकारे सात दिवसांच्या आत’ हे ध्येय आहे.

२. अडथळा: चुकारे का लांबतात? वजनपावत्या हाताने लिहिल्या जातात म्हणून, खेळते भांडवल नाही म्हणून, की बँक तपशील चुकतात म्हणून? खेळते भांडवल कमी असेल तर संगणक उपयोगाचा नाही. तिथे गोदाम पावतीवरील तारण कर्ज पाहा.

३. साधन: अडथळा दूर करणारे सर्वांत साधे साधन. काट्याला जोडलेला पावती यंत्र पुरत असेल तर ॲप नको.

४. माणूस: ते कोण चालवणार, तो सोडून गेला तर कोण?

५. खर्च आणि माप: पहिला खर्च, दरवर्षीचा खर्च, आणि हंगामाअखेर कोणता आकडा पाहून चालू ठेवायचे की बंद करायचे हे ठरणार.

पाचही रकाने भरता आले तरच खरेदीचा ठराव करा. हा कागद वार्षिक सर्वसाधारण सभेत वाचून दाखवा. उत्पादक कंपनीत भाग किती हे न पाहता एका सभासदाला एकच मत असते. त्यामुळे दोन एकरवाल्यालाही हा प्रश्न विचारण्याचा तेवढाच हक्क आहे.

सभासदांची माहिती हेही भांडवलच

फुकट मिळणारे ॲप बहुधा माहितीच्या बदल्यात मिळते. सभासदांचे आधार, खाते, क्षेत्र, पीक आणि अंदाजित उत्पादन एकत्र एखाद्या खरेदीदाराच्या हाती गेले, तर भाव ठरवताना त्याचे पारडे जड होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती हा मुख्य आधार आहे. करारात तीन ओळी असायलाच हव्यात: माहिती कशासाठी वापरणार, तिसऱ्याला देणार का, आणि करार संपल्यावर सर्व नोंदी कंपनीला परत मिळणार का.

विस्तार कर्मचाऱ्यांसाठी

कंपनीला भेट देताना ‘किती सभासदांनी ॲप घेतले’ हा आकडा मागू नका. किती गाड्या परत आल्या, चुकारे किती दिवसांत झाले, किती सभासदांनी दुसऱ्यांदा माल दिला, हे विचारा. अनुदानातून यंत्र मिळत असले तरी चालकाचा पगार आणि दुरुस्ती कुठून येणार हे प्रस्तावातच लिहून घ्या. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशी, कृषी विज्ञान केंद्र आणि ‘आत्मा’ यांच्याशी कंपनीचा आराखडा जोडून दिला, तर सल्ला आणि विक्री वेगळ्या दिशांना जाणार नाहीत.

तूर आणि हरभऱ्याच्या संकलनाआधी थोडा वेळ असतो. एवढ्या वेळात मापक आणि काटा तपासून घेणे, सभासदांची कागदपत्रांची यादी पूर्ण करणे आणि वर सांगितलेले एक पान भरणे, ही तीन कामे होऊ शकतात. विक्रेत्याला हंगामानंतर बोलवा. तेव्हा तुमच्या हाती तुमचेच आकडे असतील, आणि काय घ्यायचे ते त्यावरून ठरेल.