कॅमेरा कुठे ठेवायचा?

गेल्या वर्षीच्या आंतर-हाऊस लघुपट स्पर्धेत चार लघुपट दाखवले गेले. चारही ड्रोनमधून दिसणाऱ्या परेड ग्राउंडने सुरू झाले. चारहींत कॅडेट स्लो मोशनमध्ये धावले आणि शेवटी मोठ्या आवाजात संगीत वाजले. टाळ्या सगळ्यांनाच पडल्या. पण दुसऱ्या दिवशी मेसमध्ये कोणता लघुपट कोणत्या हाऊसचा, हे कोणालाच धड सांगता येईना.

माझे स्पष्ट मत आहे की आपण साधने वापरायला शिकलो, चित्रपट करायला नाही. पटकथा, अभिनय, चौकट, ध्वनी आणि संकलन ही चित्रपटाची मूळ अंगे. प्रेक्षकाने काय पाहावे, काय ऐकावे आणि किती वेळ, हे त्यांतून ठरते. ड्रोन हे ठरवू शकत नाही.

मी जबलपूरच्या दीक्षितपुऱ्याचा. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला भेडाघाटला नेतात आणि 'जिस देश में गंगा बहती है'चे चित्रीकरण इथे झाले होते, हे अभिमानाने सांगतात. तिथले संगमरवरी खडक सुंदरच आहेत. पण ते मोबाईलवर कोणीही टिपतो, म्हणून त्याचा चित्रपट होत नाही.

याउलट नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' पाहा. सुट्टीत मी तो आजीबरोबर पाहिला. जब्याच्या घरचे लोक गावातले डुक्कर पकडायला धावत असतात. तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. सगळे जागच्या जागी उभे राहतात आणि डुक्कर मात्र निसटते. आधी मला हसू आले, मग ते गळ्यातच अडकले. माझी पाठ आपोआप ताठ झाली होती. आजी तर खुर्चीतून उठायलाच लागली. "अरे, त्या बिचाऱ्यांनाच उभं राहावं लागलं की रे," ती म्हणाली. एकही संवाद नाही, फक्त ध्वनी आणि न हलणारी माणसे. आपण रोज सावधानमध्ये उभे राहतो. तरी त्या उभे राहण्याचा असा विचार मी कधी केला नव्हता.

पुढे ते डुक्कर बांधून नेतात, तेव्हा मागे शाळेच्या भिंतीवर डॉ. आंबेडकर आणि सावित्रीबाई यांची चित्रे दिसतात. कोणी भाषण करत नाही. चौकट बोलते. आणि शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्या दिशेने येतो. कॅमेरा त्या जागी होता, म्हणूनच तो दगड आपल्याला लागतो.

कोणी म्हणेल, आपल्याकडे तशी साधने कुठे आहेत? दादासाहेब फाळके यांच्या 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये आवाज नव्हता. तारामतीचे काम करायला स्त्री मिळाली नाही, म्हणून साळुंके नावाच्या पुरुषाने ते केले. तरी चित्रपट झाला आणि लोकांनी तो पाहिला.

आपले लघुपट एकसारखे का होतात, याचे खरे कारण मला वेगळेच वाटते. आपण कॅमेरा नेहमी स्वतःकडेच वळवतो. परेडच्या आदल्या रात्री ग्राउंडवर चुन्याच्या रेषा मारणारे काका कोणत्याही लघुपटात नाहीत. आपण त्या रेषेवर पाऊल ठेवतो, पण रेषा कोणी मारली हे दाखवत नाही. कॅमेरा कुठे ठेवायचा हा तंत्राचा प्रश्न आहेच, पण आपण कोणाच्या बाजूला उभे आहोत, हेही त्यातूनच ठरते.

म्हणून यंदाच्या स्पर्धेसाठी माझी सूचना आहे. ड्रोन नको, उसने संगीत नको. पाच मिनिटे, एक माणूस, आणि जो आवाज तिथे असेल तोच. काकांना आधी विचारा, त्यांच्याबरोबर एक रात्र ग्राउंडवर काढा, मग कॅमेरा सुरू करा. अशा लघुपटाला टाळ्या कदाचित कमी पडतील. पण दुसऱ्या दिवशी मेसमध्ये त्याबद्दल बोलणे नक्की होईल.