डिस्क कोरी नाहीये, तुम्हाला वाचता येत नाहीये!

मंडळी, ह्या वीकांताला जरा भांडायचा मूड आहे. आणि भांडण आहे संगणकाच्या पडद्यावर येणाऱ्या एका चौकटीशी. हार्ड डिस्क जोडली, संगणकाने दोन सेकंद विचार केला आणि विचारलं, "ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?" खाली दोन बटणं. फॉरमॅट आणि कॅन्सल. बस्स. त्या डिस्कवर काय आहे, कुणाचं आहे, किती वर्षांचं आहे, त्याच्याशी संगणकाला देणंघेणं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. ही चौकट खोटं बोलते. संगणकाला म्हणायचं असतं "मला हे वाचता येत नाही", आणि तो म्हणतो "हे पुसावं लागेल". ह्या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो फरक न सांगणं हा दोष वापरणाऱ्याचा नाही, आपला आहे. आपला म्हणजे हिंजवडीत नाहीतर बंगळुरात एसीत बसून असल्या चौकटी लिहिणाऱ्यांचा.

उदाहरण आमच्या बीड जिल्ह्यातलंच देतो. केजला माझ्या मावसभावाचं कृषी सेवा केंद्र आहे. गेल्या वर्षी दुकानात चोरी झाली. कॅमेरे होते, रेकॉर्डिंग झालं होतं, पण त्याच आठवड्यात वीज खालीवर होऊन डीव्हीआर बसला. पठ्ठ्याने आतली डिस्क काढली, बाजारातून यूएसबीचा डॉक आणला आणि लॅपटॉपला जोडली. मग मला फोन.

"दादा, डिस्क दिसंना. कम्प्युटर म्हणायलाय इनिशियलाईज करा. ओके दाबू का?"

"अजिबात हात लावू नकोस."

"अरे पण कॅमेरे बसवणारा म्हणाला, फॉरमॅट मारा, चालू होईल."

चालू होईल, हो! चोराचं फुटेज सोडून बाकी सगळं चालू होईल. गेल्या काही वर्षांत बीड जिल्ह्यात "सीसीटीव्ही फुटेज" ह्या शब्दाला किती वजन आलंय हे मी सांगायला नको. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असा इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना प्रमाणपत्रात त्याची हॅश व्हॅल्यूही लिहावी लागते. म्हणजे कायदा एकेका बिटाचा हिशोब मागतो, आणि इकडे आपली चौकट म्हणते, "पुसून टाकू का?"

त्या डिस्कला झालं काय होतं? काहीच नाही. बरेचसे डीव्हीआर रेकॉर्डिंग स्वतःच्या खास पद्धतीने लिहितात. विंडोजला ती पद्धत माहीत नाही, एवढंच. अंबाजोगाईच्या एका ओळखीच्या पोराने लिनक्सवरून आधी डिस्कची सेक्टर टू सेक्टर नक्कल काढून ठेवली. मग त्याच मॉडेलचा दुसरा डीव्हीआर मिळवला, रेकॉर्डिंग बंद ठेवून त्यात डिस्क लावली. फुटेज जसंच्या तसं. ओके दाबलं असतं तर?

आता ह्यालाच समांतर गोष्ट बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. काम होतं मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदपत्रांत कुणबी नोंदी शोधण्याचं. बीड १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात, त्यामुळे जुनी दप्तरं उर्दूत, मोडीत. आजच्या कारकुनाला त्यातलं अक्षर लागत नाही. मग काय केलं? मोडी आणि उर्दू वाचणारे लोक शोधले. आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, पण समजा तहसिलातला एखादा कारकून म्हणाला असता, "हे पान मला वाचता येत नाही, खोडून कोरं करून देऊ का?" तर त्याचं पुढे काय झालं असतं, ते बीडच्या माणसाला विचारा :)

विंडोज नेमकं तेच करते आणि आपण त्याला "युजर फ्रेंडली" म्हणतो!

"संगणक डिस्क ओळखत नाही" हे एक वाक्य आहे, पण त्यामागे निदान पाच वेगवेगळ्या गोष्टी असतात.

पहिली, वीज. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, यूएसबीच्या साध्या पोर्टातून ५ च मिळतात. म्हणून तिला वेगळा अॅडॉप्टर लागतो. छोटी अडीच इंची डिस्क ५ व्होल्टवर चालते, पण यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपियर देतं आणि फिरायला सुरुवात करताना काही डिस्कना त्याहून जास्त लागतात. मग ती नुसती टकटक करत बसते आणि घरचे म्हणतात "डिस्क गेली". गेली नाही हो, उपाशी आहे. (टकटक म्हणजे कधी खरोखरचा बिघाडही असतो. म्हणून आधी केबल आणि पोर्ट बदलून बघा, तरी टकटक थांबली नाही तर लगेच बंद करा.)

दुसरी, ओळख. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कची क्षमता बरोबर दिसते का? दिसत असेल तर डिस्क आणि संगणक एकमेकांशी बोलताहेत. (१ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते, त्यात कुणी फसवलेलं नाही. कंपनी दहाच्या पटीत मोजते, विंडोज दोनच्या.)

तिसरी, नकाशा, म्हणजे पार्टिशन टेबल. जुना एमबीआर १९८३ च्या डॉस २.० पासूनचा. त्यात सेक्टरचा आकडा ३२ बिटांचा, सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणून २ टीबीच्या पुढे त्याची मजल जात नाही. पुढे जीपीटी आलं. भरीला काही यूएसबी डबे सेक्टरचा आकार ४०९६ बाइट असल्याचं सांगतात. त्यातली डिस्क काढून थेट मदरबोर्डला जोडली की नकाशा जुळत नाही आणि भरलेली डिस्क "कोरी" दिसते. परत जुन्या डब्यात घाला, सगळं जागेवर!

चौथी, लिपी, म्हणजे फाइल सिस्टम. मॅकची एपीएफएस, लिनक्सची ईएक्सटी४, डीव्हीआरची आणखी तिसरीच. विंडोजला ह्यातलं काही आपणहून वाचता येत नाही.

आणि पाचवी तर अगदीच किरकोळ. सगळं ठीक असतं, पण डिस्कला ई, एफ असं अक्षरच मिळालेलं नसतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये राईट क्लिक करून अक्षर द्या, झालं.

पाच कारणं, पाच उपाय. त्यात पुसण्याची गरज एकाच वेळी पडते. डिस्क खरोखर नवीकोरी, आत्ता खोक्यातून काढलेली असेल तेव्हा. तेव्हा खुशाल इनिशियलाईज करा, जीपीटी निवडा आणि फॉरमॅट मारा. बाकी चार-साडेचार वेळा तोच सल्ला घातक आहे.

ह्यावर आपली जमात दोन गोष्टी म्हणते. मी त्या कँटीनमध्ये शेकडो वेळा ऐकल्यात.

एक, "लोकांना अक्कल नाही, बॅकअप घेत नाहीत." अहो, जी डिस्क दिसत नाही ती बहुतेक वेळा बॅकअपचीच असते! तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओत जाऊन बघा. कपाटात लग्नांच्या डिस्कची चवड लावलेली असते. वर्षभराने कुणी अल्बम मागितला की त्यातली एक काढून जोडायची. त्या माणसाने बॅकअप घेतलेलाच आहे. आपण त्याच्यासमोर पुसण्याचं बटण धरतो आणि वर त्याचीच अक्कल काढतो. ह्याला काय म्हणायचं?

दोन, "ऑपरेटिंग सिस्टमला कसं कळणार की आत काही आहे?" न कळायला काय झालं! लिनक्सवर ईएक्सटी४ असलेल्या पार्टिशनवर पुन्हा फाइल सिस्टम बनवायला जा. एमकेई२एफएस आधी तपासतो, सांगतो की इथे आधीच अमुक फाइल सिस्टम आहे, पुढे जायचं का, आणि उत्तर गृहीत धरतो "नाही". फुकटातल्या काळ्या खिडकीला जे जमतं ते विकतच्या रंगीत खिडकीला का जमू नये? मॅकवर निदान "दुर्लक्ष करा" आणि "बाहेर काढा" अशी जास्तीची बटणं तरी असतात. आणि गिटहबवर आपल्याला स्वतःची रिपॉझिटरी उडवायची तर तिचं नाव टाईप करावं लागतं. म्हणजे इंजिनिअरच्या कोडला तेवढं संरक्षण, आणि केजच्या दुकानदाराच्या पुराव्याला दोन बटणं?

चौकटीत खरं तर एवढंच लिहायला हवं: "ह्या डिस्कवर काहीतरी असू शकतं. मला ते वाचता येत नाही. डिस्क बाहेर काढू?" पुसण्याचा पर्याय तीन पायऱ्या आत, शोधणाऱ्यालाच सापडेल असा. आणि हे सगळं मराठीतही, माणसाला कळेल अशा मराठीत.

ते होईल तेव्हा होईल. तोवर गावाकडच्या आयटी खात्याचे बिनपगारी प्रमुख आपणच. तेव्हा पुढच्या वेळी घरून फोन आला की "फॉरमॅट करून टाक" म्हणू नका. आधी कॅन्सल दाबायला सांगा. मग क्रमाने विचारा: दिवा लागतो का, आवाज कसा येतो, ही डिस्क आधी कशाला जोडलेली होती, क्षमता किती दाखवतोय? त्यातला तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण ती जिथून आली तिथेच ती वाचली जाण्याची शक्यता जास्त. कुणी आधीच फॉरमॅट दाबून बसलं असेल तर त्या डिस्कवर नवं काहीही लिहू देऊ नका. क्विक फॉरमॅट बहुधा नुसती अनुक्रमणिका फाडतो, आतली पानं बरेचदा शिल्लक असतात आणि टेस्टडिस्कसारखी फुकट साधनं त्यातलं पुष्कळ परत आणतात. एसएसडी असेल तर मात्र ट्रिममुळे आशा फार कमी. आणि फोनवर आवाज चढवू नका. पलीकडचा माणूस घाबरलेला असतो.

ह्यातलं एकही वाक्य अवघड नाही. अवघड आहे ते "मला येत नाही" असं कबूल करणारी सॉफ्टवेअरं लिहिणं. सोमवारी ऑफिसात गेलात की तुमच्या प्रॉडक्टमधल्या एरर मेसेजेसवर एकदा नजर टाका आणि बघा, त्यातले किती खरं बोलतात.