कॉइल बदलली, निकोटीन तेवढेच

मगरिबची अजान होते, खजूर आणि पाण्याने रोजा सुटतो, नमाज आटोपते आणि मशिदीच्या बोळाच्या तोंडाशी बिडी-सिगारेट पेटवणाऱ्यांचा घोळका जमतो. कुठल्याही गावातल्या वाचकाला हे दृश्य सांगायला नको. तेरा-साडेतेरा तास पाण्याचा घोटही न घेतलेल्या माणसाचा हात अर्ध्या तासाच्या आत खिशाकडे वळतो. हल्ली त्या घोळक्यात एखाद्याच्या मुठीत सिगारेटऐवजी धातूचे छोटे यंत्र असते आणि त्यातून आंब्याच्या नाहीतर स्ट्रॉबेरीच्या वासाचा पांढरा ढग निघतो. भारतात या यंत्राच्या विक्रीला बंदी आहे, त्यामुळे इथे ते चोरूनमारून. दुबई-शारजात, इंग्लंडात, मलेशियात मात्र ते राजरोस दुकानात मिळते. तिकडे नोकरीला गेलेला खेड-दापोलीचा किंवा म्हसळा-श्रीवर्धनचा तरुण ते पाहतो, विकत घेतो, शिकतो.

‘सिगारेट सोडली, आता फक्त हे,’ असे तो फोनवर घरी सांगतो. आईला बरे वाटते. त्याच्या वाक्याचा पहिला भाग खोटा नाही. दुसऱ्या भागाकडे मात्र नीट पाहायला हवे, कारण ‘फक्त हे’ म्हणताना तो जे करत असतो ते दिसते त्यापेक्षा बरेच गुंतागुंतीचे असते.

या यंत्रात तंबाखू जळत नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांच्या मिश्रणात निकोटीन आणि स्वाद घातलेला असतो. तापलेली तार ते द्रव उडवते आणि माणूस तो ढग आत ओढतो. ही तार आणि तिच्यातून जाणारी कापसाची वात ज्या भांड्यात बसते, त्याला ॲटोमायझर म्हणतात. साध्या यंत्रात तो भाग तयार मिळतो, जळका वास यायला लागला की फेकायचा आणि नवा लावायचा. हौशी माणसाला यात समाधान नसते. तो घेतो पुन्हा बांधता येणारा ॲटोमायझर. त्यात कंपनी फक्त दोन-चार खांब, स्क्रू आणि हवेची भोके देते. तार त्याची त्याने गुंडाळायची, वात त्याची त्याने भरायची.

इथून पुढे जे सुरू होते ते खरोखर कारागिरीचे काम आहे, हे मान्य करायला हरकत नाही. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसलेल्या माणसाला ते लगेच कळेल. तार बहुधा कँथाल, म्हणजे लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांचा मिश्रधातू. भट्ट्यांच्या तापतारा याच धातूच्या असतात. २६ गेजची तार ३ मिलिमीटर जाडीच्या दांडीवर सात वेढे गुंडाळली, तर रोध साधारण ०.९ ओहम भरतो. हेच वेढे जाडसर २४ गेजमध्ये घेतले, तर ०.६ ओहमच्या आसपास. ०.९ ओहमच्या दोन कॉइल शेजारी-शेजारी बसवल्या, की एकूण रोध निम्म्यावर येतो आणि त्याच बॅटरीतून दुप्पट प्रवाह वाहतो. पूर्ण भरलेल्या सेलच्या ४.२ व्होल्टला एकच कॉइल जेमतेम २० वॉट खेचते, दोन मिळून ३९ वॉट. शाळेत कंटाळवाणा वाटलेला ओहमचा नियम अशी मुले तोंडपाठ करतात. फिजिक्सच्या सरांनी हे पाहिले तर त्यांना आनंद व्हावा की दुःख, हा प्रश्नच आहे.

मग कॉइलचे प्रकार. वेढ्याला वेढा चिकटवलेली, वेढ्यांत अंतर ठेवलेली, दोन तारा पीळ देऊन केलेली. जाड तारेवर केसाएवढी बारीक तार गुंडाळून केलेल्या कॉइलला तर एरिक क्लॅप्टन या गिटारवादकाचे नाव मिळाले आहे, कारण ती गिटारच्या जाड तारेसारखी दिसते. दोन-तीन गाभ्यांवर एकत्र बारीक तार लपेटली, की तिचा आणखी वरचा प्रकार होतो. गुंडाळून झाले की बटण दाबून तार लाल करायची, मधूनच एखादा वेढा आधी तापत असेल तर सिरॅमिकच्या चिमट्याने दाबून सरळ करायचा, आच मधून कडांकडे सारखी पसरते का ते पाहायचे. शेवटी कापूस. दिव्याच्या वातीसारखेच इथेही सगळे वातीवर असते. घट्ट भरली तर द्रव चढत नाही आणि घशाला कोरडा जळका चटका बसतो, सैल भरली तर द्रव गळतो. एकेक संध्याकाळ यात निघून जाते. यात एकाग्रता आहे, हाताची सफाई आहे, मित्रांमध्ये मानही आहे.

पण बांधलेली कॉइल चाखून पाहावी लागते. घड्याळ दुरुस्त करणारा घड्याळ खात नाही. इथे मात्र प्रत्येक नव्या बांधणीची परीक्षा फुप्फुसातच होते. आज क्लॅप्टन, उद्या दोन कॉइल, परवा हवेचे भोक थोडे मोठे, आणि प्रत्येक वेळी पाच-दहा झुरके ‘फक्त बघायला’. छंद जितका बारीक होतो, तितके झुरके वाढतात. सिगारेटचे पाकीट निदान संपते तरी, तेव्हा दुकानापर्यंत चालत जावे लागते. टेबलावर तारेचे रीळ आणि द्रवाची बाटली असलेल्या माणसाला तेवढाही थांबा उरत नाही.

खरी फसगत होते ती आकड्यांत. सिगारेट सोडताना माणूस साध्या यंत्रात बहुधा जास्त तीव्रतेचे द्रव भरतो, समजा एका मिलिलिटरमध्ये १२ मिलिग्रॅम निकोटीन. दिवसाला २ मिलिलिटर संपले, तर २४ मिलिग्रॅम निकोटीन यंत्रातून गेले. पुढे तो मोठ्या कॉइल बांधायला लागतो. त्यांचा ढग इतका दाट असतो, की १२ ची तीव्रता घशाला सोसत नाही, म्हणून तो ३ वर येतो. ‘१२ वरून ३ वर आलो,’ असे तो अभिमानाने सांगतो. पण त्या दोन जाड कॉइल दिवसाला १० मिलिलिटर द्रव सहज पितात. म्हणजे ३० मिलिग्रॅम. यातले सगळेच रक्तात उतरत नाही, आधीचेही उतरत नव्हते. बाटलीवरचा आकडा मात्र चौथाई झाला, आणि यंत्रातून जाणारे निकोटीन उलट वाढले. वजन कमी करायला भाकरी अर्ध्या जाडीची करून चौपट खाणाऱ्यासारखा हा हिशेब आहे. त्यात द्रव पाचपट, म्हणजे स्वादाची रसायनेही पाचपट.

तारेचाही काही वाटा त्या ढगात मिसळतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये बाल्टिमोर परिसरातल्या ५६ जणांची रोजच्या वापरातली यंत्रे तपासली. बाटलीतल्या द्रवापेक्षा तापलेल्या कॉइलवरून गेलेल्या ढगात शिसे, क्रोमियम, निकेल, मँगनीज हे धातू कितीतरी जास्त सापडले. कॉइल वरचेवर बदलणाऱ्यांच्या ढगात धातूंचे प्रमाण जास्त असण्याकडे कल दिसला. रोज नवी बांधणी करून पाहणाऱ्याने हे शेवटचे वाक्य दोनदा वाचावे. बॅटरीचा धोका वेगळाच. ०.१५ ओहमची बांधणी पूर्ण भरलेल्या सेलमधून २८ अँपिअर खेचते, आणि या यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या कित्येक सेलना सतत २० अँपिअरसुद्धा झेपत नाही. मे २०१८ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात ई-सिगारेटचा स्फोट होऊन एकाचा जीव गेला.

२०१९ च्या उत्तरार्धात अमेरिकेत फुप्फुसे निकामी होण्याची जी साथ आली, तिचा दाखला मात्र इथे देताना जपून द्यावा. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. पण तिचा मुख्य संबंध गांजातल्या टीएचसी या द्रव्याच्या कुप्यांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी निघाला, साध्या निकोटीनच्या द्रवाशी नाही. विरोध करायचा म्हणून हाताला लागेल तो दगड उचलला, की समोरचा पोरगा बाकीचे खरे बोलणेही ऐकत नाही.

याच कारणाने इंग्लंडची दुसरी बाजूही सांगायला हवी. तिथली सरकारी आरोग्यव्यवस्था सिगारेट सुटावी म्हणून प्रौढांना ई-सिगारेटचा सल्ला देते, आणि एप्रिल २०२३ मध्ये सरकारने दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना अशी यंत्रे देण्याची योजना जाहीर केली. निकोटीनच्या पट्ट्या आणि च्युइंगमपेक्षा या यंत्राने सिगारेट सुटण्याची शक्यता जास्त, असा निष्कर्ष अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन आढाव्यातही निघाला आहे. सिगारेट ओढत राहण्यापेक्षा हे कमी घातक, यात तथ्य आहे. पण त्या योजनेतले यंत्र साधे असते. डॉक्टर रुग्णाच्या हातात तारेचे रीळ, पक्कड आणि ओहममीटर ठेवत नाही. सोडायला मदत करणारे साधन जितके नीरस, तितके ते सोडणे सोपे. वर्षभराने ते ड्रॉवरमध्ये पडून राहावे, हीच त्याची कामगिरी. स्वतः बांधलेली, तासभर घासूनपुसून जमवलेली कॉइल ड्रॉवरमध्ये टाकवत नाही. तिच्यावर जीव जडतो.

धर्माच्या अंगाने फार खोलात जाण्याची गरज नाही. धूर किंवा असा ढग जाणूनबुजून आत ओढला, तर रोजा तुटतो, हे बहुतेक सर्व परंपरांचे आलिम मानतात. रस्त्यावरची धूळ, स्वयंपाकघरातला धूर नकळत गेला, तर तुटत नाही. ‘ही तर वाफ आहे’ ही पळवाट चालत नाही, आणि ती शोधणारेही मनातून हे जाणून असतात. रोज्याबाहेरच्या वेळेबद्दल मतभेद जुने आहेत. तंबाखूला कुणी मकरूह, म्हणजे नापसंत म्हणतात, तर कुणी सरळ हराम. मलेशियात राष्ट्रीय फतवा समितीने डिसेंबर २०१५ मध्ये ई-सिगारेट हराम ठरवली. तरीही तिथला तो धंदा बंद पडला नाही, आणि २०२३ मध्ये सरकारने त्या द्रवावर कर लावता यावा म्हणून द्रवातले निकोटीन विषांच्या यादीतून वगळले. फतवा एका खिशात आणि कराची पावती दुसऱ्या खिशात, असा तो प्रकार.

आपल्याकडची बंदी सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आली आणि त्याच वर्षी तिचा कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात, सगळ्याला मनाई. उत्पादन, आयात, विक्री किंवा जाहिरातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बिडी, सिगारेट, तंबाखू मात्र टपरीवर आहेतच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. ही विसंगती दाखवून देणाऱ्या तरुणाला उत्तर देणे अवघड आहे, आणि ते देण्याचा आव आणू नये. पण बंदीमुळे इथे त्याला मिळणारे द्रव चोरबाजारातले असते आणि बाटलीवरच्या ३ किंवा १२ या आकड्याची हमी कुणीही देत नाही, एवढे त्याने ध्यानात घ्यावे.

रमजानचा उपयोग इथे आहे, आणि तो अगदी हिशेबी आहे. रक्तातले निकोटीन साधारण दर दोन तासांनी निम्मे होते. सहरी, म्हणजे पहाटेचे जेवण झाल्यापासून बारा तासांत ते सहा वेळा निम्मे होऊन सुमारे चौसष्टाव्या हिश्श्यावर येते. दिवसाची ही कठीण चढण रोजा ठेवणारा रोज चढतोच. दुपारी चिडचिड होते, डोके दुखते, ते भुकेचे समजून तो सोसतो. आणि इतके सोसून झाल्यावर, रिकाम्या पोटी, पहिल्याच अर्ध्या तासात दोन कॉइलचा ढग छातीत भरतो. त्याला गरगरते. पुष्कळांना ती गुंगी म्हणजे समाधान वाटते. दिवसभराची कमाई तिथे दहा मिनिटांत खर्च होते.

श्रावण पाळणाऱ्या शेजाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. गटारीला भरून घ्यायचे, महिनाभर थांबायचे आणि श्रावण संपला की उट्टे काढायचे, हा हिशेब त्यांच्याही ओळखीचा आहे. थांबता येते, हे दोघांनाही ठाऊक असते. घोटाळा होतो तो थांबण्याची वेळ संपल्यानंतरच्या पहिल्या तासात.

म्हणून ज्याला खरेच सुटायचे आहे, त्याने या महिन्यात तारेचे रीळ कुलपात ठेवावे. एकच साधी तयार कॉइल, एकच द्रव, तेही बिनहौसेच्या स्वादाचे. इफ्तारनंतरचा पहिला झुरका तरावीहच्या, म्हणजे रात्रीच्या लांब नमाजेच्या नंतर ढकलावा. दीड-दोन तास तेवढेच मिळाले. आणि बाटलीवरची तीव्रता बघत बसण्यापेक्षा रोज रात्री किती मिलिलिटर संपले, ते भिंतीवरच्या रमजानच्या वेळापत्रकावर त्या तारखेसमोर लिहावे. सहरी-इफ्तारच्या वेळांच्या शेजारी जागा असतेच. सिगारेट-तंबाखूच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा क्रमांक सरकारी तंबाखूमुक्ती सेवेचा आहे, त्याला पैसे पडत नाहीत. आखातातून सुटीवर आलेल्या मुलाच्या आईनेही ‘सोडलेस का रे?’ एवढेच विचारून थांबू नये. महिन्याला बाटल्या किती लागतात, ते विचारावे.