दाढ एक, डॉक्टर दोन!

मराठी भाषेने दात आणि डोळा या शेजाऱ्यांना कामे मोठी चोख वाटून दिली आहेत. माणसावर आपला दात असतो आणि त्याच्या वस्तूवर डोळा! वर्गात वाक्प्रचार शिकवताना हे उदाहरण मी वीस वर्षे देत आलो आहे, आणि मुलेही वीस वर्षे इमानाने हसत आली आहेत. पण या दोघांचे नाते केवळ भाषेपुरते नाही, हे मला यंदाच्या श्रावणात कळले. आणि तेही दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आडवे पडल्यावर.

आमच्या घरी त्या सुमारास दोन दाढा दुखत होत्या. एक माझी, एक आईची. दोन्ही वरच्या, दोन्ही किडलेल्या. आईची तर दोन वर्षांपासूनची. ठणका लागला की लवंगेचे तेल, गाल सुजला की मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, असे तिचे चालले होते. गेल्या दिवाळीत तिने चकली चहात बुडवून खाल्ली, तेव्हा आमच्या हिला राहवले नाही.

"आई, काढून टाका ना एकदाची ती दाढ!"

"नको गं बाई. वरची दाढ काढली की डोळा अधू होतो. आमच्या आत्याबाईंचं नाही का झालं?"

मी प्राध्यापकी आवाज लावला. "आई, हा निव्वळ गैरसमज आहे. दाताची शीर वेगळी, नजरेची वेगळी. ज्या वयात दाढा जातात त्याच वयात मोतीबिंदू येतो, म्हणून लोक एकाचं खापर दुसऱ्यावर फोडतात. हवं तर आधी मी माझी काढून दाखवतो."

आणि वाचकहो, मी दाखवायला गेलो!

डॉक्टरांनी वरच्या डाव्या दाढेमागे भुलीची सुई टोचली. दोन-तीन मिनिटांत गाल जड झाला, आणि पाहतो तो समोरच्या भिंतीवर दोन घड्याळे! डॉक्टरांकडे मान वळवली, तर तेही दोन. "फी एकाचीच ना?" असे विचारण्याइतका विनोद आज सुचतो, तेव्हा पोटात गोळा उठला होता. आत्याबाई डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. त्याही दोन!

डॉक्टर मात्र शांत होते. "डावीकडे पाहा," म्हणाले. उजवा डोळा वळला, डावा मध्येच अडून राहिला. एकेक डोळा झाकून पाहायला सांगितले. प्रत्येकाने घड्याळ एकच आणि स्वच्छ दिसत होते. "नजर शाबूत आहे. डोळा बाहेर वळवणाऱ्या स्नायूपुरती भूल पोचली आहे. ती उतरली की डोळा आपोआप वळेल." त्यांनी डाव्या डोळ्यावर पट्टी ठेवली आणि स्वतः शेजारी बसून राहिले. पाऊण तासाने पट्टी काढली, तेव्हा डॉक्टर पुन्हा एक झाले होते.

त्या पाऊण तासात त्यांनी मला जे समजावले, ते असे. वरच्या दाढांच्या मागे एक लहानशी पोकळी आहे, आणि तिच्यातून एक फट वर डोळ्याच्या खोबणीत उघडते. भुलीचे औषध क्वचित त्या फटीतून झिरपते आणि डोळा बाहेर वळवणारा मज्जातंतू किंवा त्याचा स्नायू बधिर होतो. दुसरी वाट रक्तवाहिनीची. सुईचे टोक नेमके रोहिणीत शिरले, तर पिचकारीच्या दाबाने औषध उलट्या दिशेने रेटले जाऊन डोळ्याच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोचू शकते. मग कधी पापणी पडते, कधी बाहुली मोठी होते, कधी काही मिनिटे अंधारीही येते. म्हणूनच औषध सोडण्यापूर्वी पिचकारीचा दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना ते पाहायचे, आणि औषध हळूहळू सोडायचे, असा नियम आहे. माझ्या डॉक्टरांनी तो पाळला होता. तरीही क्वचित असे होते. बहुतेकदा ते मिनिटांत किंवा काही तासांत ओसरते. कायमची इजा झाल्याच्या नोंदी आहेत, पण अगदी विरळा.

गंमत अशी की, या भुलीचा जन्मच मुळी डोळ्यात झाला! व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टराने कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर होतो, हे 1884 साली दाखवले. हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यांच्या सभेला जायला त्याच्याजवळ पैसे नव्हते. त्याचा निबंध दुसऱ्यानेच वाचला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेडने तेच औषध टोचून जबडा बधिर केला, आणि पुढे बिचारा स्वतःच त्याच्या व्यसनात सापडला. 1943 साली स्वीडनमध्ये लोफग्रेनने लिडोकेन तयार केले. ते आजही दातांचे डॉक्टर सर्रास वापरतात. डोळ्यातून दाताकडे आलेली ही भूल कधीमधी माहेरी डोकावते, एवढेच!

घरी रिक्षाने आलो. स्कूटरला हात लावायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. हकिगत ऐकून ही म्हणाली, "आईंना यातलं अक्षर सांगू नका. आता त्या जन्मात दाढ काढणार नाहीत." मलाही ते पटले. शिवाय हरलेला वाद कोण उकरून काढतो?

आठ दिवस गप्प राहिलो. नवव्या दिवशी आईचा गाल डोळ्याच्या खालपर्यंत सुजला. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "लगेच घेऊन या. वरच्या दाढेतला पू पसरत डोळ्याच्या खोबणीत गेला, तर नजरेलाच नव्हे, जिवालाही धोका असतो." म्हणजे ज्या डोळ्यासाठी आई दाढ जपत होती, त्या डोळ्याला खरी भीती त्या दाढेचीच होती!

मी आईसमोर बसलो आणि घड्याळापासून पट्टीपर्यंत सगळे सांगितले.

"म्हणजे मी म्हणत होते त्यात काहीतरी होतं तर!"

"होतं. पण ते सुईचं होतं, दाढ काढण्याचं नव्हे. आणि पाऊण तासाचं."

ती थोडा वेळ माझ्या डाव्या डोळ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "काही होत नाही, काही होत नाही, असं तू नुसतं म्हणत होतास, तोवर माझा विश्वास नव्हता. तुला झालं आणि तू धड माझ्यापुढे बसला आहेस. चल, येते."

डॉक्टरांनी आधी औषधे देऊन सूज उतरवली आणि मग दाढ काढली. आईला डॉक्टर शेवटपर्यंत एकच दिसले. सुईनंतर डोळ्याला काही वेगळे वाटले तर तिथेच सांगायचे, आणि काही तासांत उतरले नाही किंवा अंधारी राहिली तर तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचे, हे तिने त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतले. हे मी माझ्या वेळी विचारायला हवे होते.

वडीलधाऱ्यांची भीती घालवायची म्हणून आपण "काही होत नाही" म्हणून मोकळे होतो. त्यापेक्षा काय होते, किती वेळ होते आणि झाले तर काय करायचे, एवढे सांगितले तर ती माणसे आपल्याहून धीराची निघतात.

भाजणी दळून आली आहे. चकल्या यंदा कुरकुरीत हव्यात, असा आईचा हुकूम आहे.