गवई विसरला गेला, कीं त्याचा हिशेब बुडविला?

वाचकहो! सुतारानें नांगर भरून दिला, तर सुगीला खळ्यावर त्याची पेंढी ठरलेली असते. ती कोणी दिली नाहीं, तर गांव त्या कुणब्यास बुडव्या म्हणतो. सुताराचें नशीब फुटकें, असें कोणी म्हणत नाहीं. मग गाणें रचणाऱ्याची पेंढी बुडाली, म्हणजेच नशीब कोठून आडवें येतें? एक बोलपट पाहून हा प्रश्न मला पडला, तो आपणांपुढें मांडतों.

'सर्चिंग फॉर शुगर मॅन' हा माहितीपट, म्हणजे खऱ्या माणसांची हकीगत सांगणारा बोलपट, मलिक बेंजेलूल या स्वीडनच्या तरुणानें २०१२ सालीं पुरा केला. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें तो मला दाखविला. हकीगत आहे ती अमेरिकेंतील डेट्रॉईट शहराच्या सिक्स्टो रॉड्रिग्जची. मेक्सिकोहून मजुरीस आलेल्या घराण्यांत १९४२ सालीं त्याचा जन्म. गाणीं स्वतः रचावीं, गिटारीवर स्वतः गावीं. विषय कोणते? तर बेकारी, गरिबांची वस्ती, अधिकाऱ्यांची लबाडी. १९७० व १९७१ सालीं त्याच्या दोन तबकड्या निघाल्या. अमेरिकेंत त्या खपल्या नाहींत, व १९७५ सालीं कंपनीही बसली. रॉड्रिग्जनें जुनीं घरें पाडण्याचें व दुरुस्त करण्याचें काम पतकरलें आणि त्यावर मुलींना वाढविलें.

इकडे समुद्रापलीकडे दक्षिण आफ्रिकेंत काय चाललें होतें? गोऱ्या सरकारच्या वर्णभेदाला विटलेले तेथील गोरे तरुण हींच गाणीं घरोघर वाजवीत होते! बोलपटांतील अंदाजाप्रमाणें तेथें पांच लाखांच्या आसपास प्रती खपल्या. गवई केव्हांच जीव देऊन मेला, अशी तेथें आवई होती. आणि हा डेट्रॉईटांत विटा-माती वाहत होता! अखेर दोघां चाहत्यांनीं शोध लावला, आणि १९९८ सालीं तो तेथें गेला तेव्हां हजारों लोक त्याला ऐकण्यास लोटले.

बेंजेलूलचे श्रम मी नाकारीत नाहीं. हा शोध त्यानें कित्येक वर्षें उराशीं धरला. पैसे संपले, तेव्हां कांहीं देखावे साध्या मोबाईलवर टिपले, चित्रें स्वतः काढलीं. २०१३ सालीं बोलपटास अमेरिकेचें ऑस्कर पारितोषिक मिळालें, रॉड्रिग्जचीं गाणीं पुन्हां खपूं लागलीं, व म्हातारपणीं त्याच्या हातीं पैसा आला. हें पुण्य बेंजेलूलच्या पदरीं घालावेंच लागेल.

पण लोक रडले कशावर? 'काय हें दैव!' यावर. येथेंच आमचें भांडण आहे. बोलपटांतच आफ्रिकेचे व्यापारी सांगतात कीं, आम्हीं पैसे अमेरिकेस पाठविले. कंपनीच्या जुन्या मालकास त्याविषयीं विचारतांच तो चिडतो. बस्स! तेथून बोलपट आनंदाच्या जलशाकडे वळतो, आणि पैसे गेले कोठें, हा सवाल तसाच लोंबकळत राहतो. सावकाराच्या ओटीवर चोपडी मागितली कीं तोही असाच चिडतो, हें आमच्या शेतकऱ्यास शिकवावयास नको.

दुसरें असें कीं, ऑस्ट्रेलियांत हीं गाणीं आधींच गाजलीं होतीं व रॉड्रिग्ज १९७९ आणि १९८१ सालीं तेथें गाऊनही आला होता. हें बोलपटानें गाळलें. कां? 'जगानें विसरलेला' ही कथा त्यानें फिकी पडली असती म्हणून! गवयाला हजारोंनीं ऐकलें होतें. त्याला विसरली ती फक्त पैसे वांटणारी चोपडी.

कोणी शहाणे म्हणतील, 'मास्तर, कला ही पैशासाठीं नसते.' ठीक! मग कंपनीनें तबकड्या फुकट कां वांटल्या नाहींत? निष्काम कर्म काय तें गवयानेंच करावें, आणि फळ मालकानें खावें? पोट भरलेल्यांचें हें तत्त्वज्ञान आम्हीं पिढ्यान् पिढ्या ऐकलें आहे.

आतां आपल्या घरचें पाहूं. मागील जत्रेंत आमच्या गांवच्या एका म्हाताऱ्या वाघ्याचें, त्याचें स्वतःचें रचलेलें गाणें शहरांतील कोणी टिपून नेलें. तें पुढें लोकांच्या मोबाईलवर फिरलें. खालीं नांव 'पारंपरिक गीत'! जिवंत माणसाला परंपरा म्हटलें कीं वांटा देण्याचें कारणच उरत नाहीं.

बांधवहो, २०१२ सालींच आपल्या देशांत कॉपीराईटचा, म्हणजे रचनेच्या मालकीचा, कायदा दुरुस्त झाला. गाणें रचणारानें व चाल बांधणारानें आपली रचना तबकडीसाठीं किंवा चित्रपटासाठीं कंपनीस दिली, तरी गाण्याच्या पुढील मिळकतींतला समान वांटा त्याला सोडून देतां येत नाहीं. कागदावर सही घेतली तरी नाहीं! हें आपल्या शाहीर, गोंधळी, भजनी मंडळींस वाचून दाखवा. अंगठा उठविण्यापूर्वीं कागद शिकलेल्या मुलाकडून वाचवून घ्या, त्याची एक प्रत घरीं ठेवा, आणि गाण्याखालीं रचणाराचें नांव व गांव लागलेंच पाहिजे असा हट्ट धरा.

रॉड्रिग्ज २०२३ सालीं ८१व्या वर्षीं वारला. त्याच्यासाठीं आफ्रिकेंतून शोध घेणारे निघाले. आपल्या वाघ्यासाठीं कोण येणार आहे? बोलपटाची वाट पाहूं नका. तो गात आहे तोंवरच त्याची पेंढी मागा.