शस्त्रविक्रीचे आकडे आणि ओझरचे विमान

दर वर्षी मार्च महिन्यात स्टॉकहोमच्या 'सिप्री' या संस्थेचे शस्त्रव्यापाराचे आकडे प्रसिद्ध होतात आणि आपल्या वृत्तपत्रांत वाद पेटतो. २०२५ च्या मार्चमधील आकड्यांनुसार २०२०-२४ या काळात जगातील शस्त्रआयातीत भारताचा वाटा ८.३ टक्के होता व क्रमांक युक्रेनखालोखाल दुसरा. पुढच्याच महिन्यात संरक्षण मंत्रालयाने २०२४-२५ ची निर्यात २३,६२२ कोटी रुपये झाल्याचे अभिमानाने सांगितले. एक गट पहिला आकडा घेऊन सरकारला धारेवर धरतो, दुसरा गट दुसऱ्या आकड्याचे ढोल वाजवतो.

आमच्या मते दोघांचेही वाचन अपुरे आहे. सिप्री दिलेला पैसा मोजत नाही. शस्त्राच्या सामर्थ्याला ठराविक मूल्य देऊन हस्तांतराचे प्रमाण मोजते. म्हणून फुकट दिलेला रणगाडाही त्यात येतो. मंत्रालयाचा आकडा रुपयांचा असून त्यात सुटे भागही धरलेले असतात. हे दोन आकडे एका तराजूत घालणेच चूक.

नाशिककरांना याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये सुखोई-३० विमाने रशियन परवान्यावर बांधली गेली. हात नाशिकचे, घाम नाशिकचा. सिप्रीच्या वहीत मात्र परवान्यावरील उत्पादन म्हणून त्यांची नोंद रशियाकडून झालेली आयात अशीच होते. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ सुखोईंचा सुमारे १३,५०० कोटींचा करार झाला. त्यांतील ६२.६ टक्के सामग्री देशी असेल, असे मंत्रालय सांगते. मग ही विमाने आपली की परकी?

या कारखान्यावर जिल्ह्यातील हजारो घरांची चूल पेटते, त्यांत आमच्या धर्मग्रामांतील घरेही आहेत. त्यामुळे हा विषय आम्हाला अवघड जातो, हे मान्य केलेले बरे. राष्ट्राचा स्वसंरक्षणाचा हक्क ख्रिस्तसभेला मान्य आहे, परंतु शस्त्रांचे उत्पादन व विक्री यांवर नियंत्रण ठेवणे हे शासनाचे कर्तव्य आहे, असेही कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ सांगतो (क्र. २३१६). म्हणून आयातीपेक्षा निर्यातीचा आकडा आम्हाला अधिक खटकतो: त्या २३,६२२ कोटींत काय गेले आणि कोणाच्या हाती गेले, हे नुसत्या बेरजेतून कळत नाही.

ओझरचा कारखाना १९६४ चा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोप पॉल सहावे युखरिस्तिक काँग्रेससाठी मुंबईत आले होते. शस्त्रांवरील खर्चाचा काही भाग काढून गरिबांसाठी जागतिक निधी उभारा, असे आवाहन त्यांनी तेथूनच केले होते. त्या निधीचा रकाना आजही कोणत्याच तक्त्यात नाही.